पॉड बाजूला ठेवा, आधी निकोटिन गम नीट चघळायला शिका

मागच्या दिवाळीला माझा मावसभाऊ दुबईहून आला आणि आल्या आल्या खिशातून बोटाएवढं एक यंत्र काढून माझ्या काउंटरवर ठेवलं. मी जळगावात मोबाईल रिपेअरिंग करतो, कोणतीही चार्जिंगची वस्तू समोर आली की हात शिवशिवतात. विचारलं, "हाई काय शे रे भाऊ?" तर म्हणे, "धूर नई शे, वाफ शे. तुनी सिगारेट सुटी जाई." तेव्हा माझ्या रोजच्या १५-१६ सिगारेटी चालू होत्या, १४ वर्षांपासून.

तीन आठवडे मी तो पॉड, म्हणजे छोटी ई-सिगारेट, वापरला. सिगारेट सुटली नाही. शेवटी जी सुटली ती निकोटिन गमने सुटली, आणि तीही पहिल्या खेपेला चुकीच्या पद्धतीने चघळल्यामुळे जवळपास फसलीच होती. दुकानावर येणारी पोरं आता रोज विचारतात की भाऊ, तो रिफिलवाला पॉड घेऊ का, कुठे मिळेल, कसा भरायचा. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून टाकतो. लेख लांब झालाय, पण सोडायचं मनात असेल तर पूर्ण वाचा.

आधी पॉड म्हणजे काय ते समजून घ्या, कारण लोकांना वाटतं आत पाण्याची वाफ असते. तसं नाही. खालच्या भागात लिथियमची छोटी बॅटरी, साधारण ब्लूटूथ इअरफोनच्या केसमध्ये असते त्या जातीची, वर प्लास्टिकची छोटी टाकी, तिच्यात २ मिलीच्या आसपास लिक्विड मावतं, आणि मध्ये तारेची कॉइल, तिला कापूस लागलेला. तुम्ही ओढलं की सेन्सरला हवा कळते, बॅटरी कॉइलला करंट देते, कॉइल तापते आणि कापसातलं लिक्विड बारीक फवाऱ्यासारखं होऊन छातीत जातं. लिक्विड म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि निकोटिन. पाणी हा त्यातला मुख्य पदार्थच नाही. नवा पॉड भरून लगेच ओढला तर कापूस कोरडाच असतो, तो जळतो, आणि घशाला असा चटका बसतो की डोळ्यात पाणी येतं. भरल्यावर ५-१० मिनिटं थांबावं लागतं हे मला त्या चटक्यानंतरच समजलं.

आता मला खटकलं ते सांगतो. सिगारेट संपते. पाच-सात मिनिटांत बुड येतं, विझवता, परत कामाला लागता. पॉडला बुडच नाही. मी सोल्डरिंग करताना एक झुरका, स्क्रीन चिकटवताना एक, गिऱ्हाईक पैसे मोजतंय तोवर एक, असं दिवसभर चालायचं, आणि संध्याकाळी मित्र टपरीवर दिसले की सिगारेट ती वेगळीच. म्हणजे एकाच्या जागी दोन व्यसनं झाली. बाटलीवर ५० मिलिग्रॅम प्रति मिली लिहिलेलं होतं, म्हणजे २ मिलीची टाकी भरली की आत १०० मिलिग्रॅम निकोटिन. एका सिगारेटीतून अंगात जातं साधारण १ ते दीड मिलिग्रॅम. टाकीतलं सगळंच काही शरीरात उतरत नाही हे मान्य, पण आपण किती ओढलं याचा हिशोब त्या यंत्रावर लागतच नाही. युरोपात आणि इंग्लंडात २० मिलिग्रॅमच्या वर विकायला परवानगी नाही, माझ्या हातात त्याच्या अडीचपट होतं.

आणि एक दिवस असं झालं की मी आंघोळीला गेलो आणि बाटली पलंगावर राहिली. आंब्याचा फ्लेवर होता, झाकण उघडलं की खोलीभर हापूसचा वास. बाहेर आलो तर भाची, साडेचार वर्षांची, बाटली हातात धरून बसलेली, दातांनी झाकण उघडायला बघत होती. लहान पोरांसाठी ते सरळ विष आहे, थोडंसं पोटात गेलं तरी उलट्या, झटके, जीवावरही बेतू शकतं. तिने काही प्यायलं नव्हतं, झाकण घट्ट होतं म्हणून वाचलो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कायद्याचंही एकदा नीट वाचून ठेवा, कारण "सगळीकडे मिळतं रे" असं म्हणणारे खूप भेटतात. भारतात ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे. सप्टेंबरमध्ये आधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. बनवणं, आयात करणं, विकणं, वाटणं, जाहिरात करणं हे सगळं गुन्ह्यात येतं, पहिल्या वेळेला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. साठा करून ठेवला तर ६ महिने किंवा ५० हजार किंवा दोन्ही. रिफिल पॉडही यातच येतो. म्हणून "कुठे मिळेल" हे मी कोणालाच सांगत नाही, विचारू नका.

कोणी म्हणेल इंग्लंडात तर सरकारच सिगारेट सोडायला व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सुचवतं. खरं आहे, सुचवतं. पण तिथे बाटलीत काय आहे, किती आहे, टाकी केवढी, याचे नियम आहेत, नोंदणी आहे, सोबत सल्ला देणारा माणूस असतो. आपल्याकडे बंदीमुळे जे येतं ते चोरून येतं, बाटलीवरचं लेबल खरं की खोटं हे तपासणारं कोणीच नाही. मी दिवसभर डुप्लिकेट चार्जर आणि फुगलेल्या बॅटऱ्या बघतो, त्यामुळे लेबलवर माझा विश्वास कमीच आहे. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तशा उन्हात गाडीच्या डिक्कीत असली स्वस्त लिथियम बॅटरी ठेवून फिरणं मला तरी पटत नाही.

तर आता गम.

तारीख ठरवा आणि घर साफ करा. तारीख म्हणजे सिगारेट पूर्ण बंद करायची तारीख. लग्नाच्या सीझनमध्ये ठरवू नका, हळदीच्या रात्री चार मित्र भेटले की संपलं. मी जानेवारीतला सोमवार धरला, थंडी, लग्नतिथी कमी, दुकानही शांत. आदल्या रात्री लायटर, पाकीट, राखेची वाटी, गाडीच्या डिक्कीत लपवलेल्या दोन सिगारेटी, सगळं टाकलं आणि जाकीट धुवायला दिलं. जाकीट नक्की धुवा, त्या वासानेसुद्धा तलफ येते. गम चालू असताना सिगारेट ओढायची नाही, दोन्हीकडून निकोटिन आलं की मळमळ, धडधड होते.

डोस. सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. गम २ मिलिग्रॅम आणि ४ मिलिग्रॅम अशा दोन ताकदीत येते. २ वाली मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळते, ४ वालीला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. कोणती घ्यायची हे ठरवायला एक सोपी खूण आहे, सकाळी डोळे उघडल्यापासून पहिली सिगारेट किती वेळात लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर व्यसन खोल आहे आणि ४ ची गरज पडू शकते, अर्धा तास उलटून गेल्यावर लागत असेल तर २ पुरते. मी दिवसाला १५ च ओढायचो म्हणून सरळ २ ची स्ट्रिप घेतली, चार दिवस नुसता तडफडलो, पोरांवर ओरडलो, बायकोशी भांडलो. मग डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी पहिलाच प्रश्न हा सकाळचा विचारला. मी तर चहाच्याही आधी, उठल्यावर दहा मिनिटांत पेटवायचो. ४ ची लिहून दिली आणि दुसऱ्या दिवसापासून फरक. म्हणून सांगतो, डॉक्टरांकडे जायला लाजू नका.

काही जणांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गम सुरूच करू नये. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलाय, हृदयाचे ठोके अनियमित आहेत, बीपी ताब्यात नाही, गरोदर बाई किंवा अंगावर पाजणारी आई, पोटात अल्सर, कवळी बसवलेले आजोबा (गम कवळीला चिकटते), आणि गुटखा खाऊन ज्यांचं तोंड तीन बोटंही उघडत नाही असे. हे शेवटचे आपल्याकडे खूप आहेत. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे तरी पुडी मिळतेच. तोंड उघडत नसेल, आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, बरी न होणारी जखम असेल तर गम राहू द्या, आधी दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना तोंड दाखवा. शुगरची औषधं किंवा दम्याची थिओफिलिनची गोळी चालू असेल तरी सांगा, सिगारेट सुटल्यावर या औषधांचा डोस बदलावा लागू शकतो. आणि १८ च्या आतल्या पोरांनी स्वतःच्या मनाने काहीच घेऊ नये.

आता चघळायची पद्धत, यावरच सगळं अवलंबून आहे. नावात गम आहे म्हणून आपण ती बबलगमसारखी कचाकचा चावतो. मीही तेच केलं. दोन मिनिटांत घसा जळायला लागला, उचक्या सुरू झाल्या, पोटात ढवळलं, आणि वाटलं की ही वस्तू आपल्यासाठी नाही. बरेच जण इथेच सोडतात. झालं काय, की जोरात चावल्यावर निकोटिन एकदम सुटतं, थुंकीबरोबर पोटात जातं, आणि पोटात त्याचा उपयोग जवळपास होत नाही, त्रास तेवढा होतो. गममधलं निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जायला हवं.

म्हणून असं करा. गम तोंडात टाका, हळूहळू चावा. दहा-पंधरा वेळा चावलं की मिरे चावल्यासारखा तिखटपणा येतो, जिभेच्या कडेला झिणझिण्या येतात. आल्या की थांबा. तंबाखूचा बार जिथे धरतात तिथेच, गाल आणि हिरडीच्या मध्ये, ती दाबून ठेवा आणि चावू नका. मिनिटभराने तिखटपणा उतरला की परत दोन-चार वेळा चावा, झिणझिण्या आल्या की आता दुसऱ्या गालात ठेवा. असं साधारण अर्धा तास. अर्ध्या तासानंतर कितीही चावलं तरी झिणझिण्या येत नाहीत, म्हणजे ती संपली. कागदात गुंडाळून टाका, लहान पोरं आणि कुत्र्यांच्या हाताला-तोंडाला लागेल अशी टाकू नका, आत निकोटिन उरलेलं असतं. थुंकत बसायचं नाही आणि घटाघट गिळायचंही नाही.

चहाचं आता नीट ऐका, कारण आपल्याकडे दिवस चहावरच चालतो. गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबू सरबत, काही नाही. पाणी आधी पिऊन घ्या. कारण सांगतो, आणि हे कळल्यावर माझं डोकंच उघडलं. आपले आबा लोक तंबाखूत चुना का मळतात? चुन्याने तोंडातली थुंकी आंबटाच्या उलट, अल्कलीच्या बाजूला जाते आणि तशा थुंकीत निकोटिन कातडीतून पटकन आत शिरतं. गममध्ये तेच काम करायला सोडा घातलेला असतो. चहा-कॉफी-कोल्ड्रिंक आंबट बाजूचे, ते त्या सोड्याला मारतात, मग गम चघळा नाहीतर रबर चघळा, सारखंच. माझ्या दुकानात ११ ला आणि ४ ला चहा येतो, मी गमचा मोबाईलवर अलार्म लावला साडेदहाला किंवा साडेअकराला. शेवभाजी खाल्ल्यावर तोंड भाजलेलं असतं तेव्हाही जरा थांबून, चूळ भरून मगच.

किती खायच्या? पहिले ६ आठवडे दर १-२ तासांनी एक. तलफ येण्याची वाट बघू नका, घड्याळाने खा, कारण सिगारेटचं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि गमला २०-३० मिनिटं लागतात. तलफ डोक्यावर चढल्यावर गम टाकली तर ती येईपर्यंत तुम्ही टपरीवर पोचलेले असता. पहिल्या ६ आठवड्यांत दिवसाला निदान ९ तरी व्हायला हव्यात असं सांगतात, लोक ३-४ खातात आणि म्हणतात उपयोग नाही. २४ च्या वर मात्र कधीच नाही. पुढचे ३ आठवडे दर २-४ तासांनी एक, शेवटचे ३ आठवडे दर ४-८ तासांनी एक. एकूण १२ आठवडे. सातव्या आठवड्यात मला वाटलं आता सुटलीच, गम कशाला, आणि एकदम बंद केली, तिसऱ्या दिवशी परत हात थरथरायला लागले. कमी करायची ती हळूहळूच करा.

पहिला आठवडा अवघड जातो, हे खोटं सांगण्यात अर्थ नाही. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, झोप उडणं, डोकं जड, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटणं. पोट साफ होत नाही, तोंडात फोड येतात, खोकला उलट वाढल्यासारखा वाटतो. याचं खापर गमवर फोडू नका, हे सिगारेट सुटल्याचं आहे, दोन ते चार आठवड्यांत उतरतं. केळी आपल्या रावेर-यावलची, स्वस्त आणि ताजी, दोन केळी आणि भरपूर पाणी यावर माझं पोट सुधारलं. जबडा दुखला तर गाल बदला, दोन गममधलं अंतर वाढवा. उचक्या लागल्या म्हणजे तुम्ही जोरात चावताय.

एक तलफ साधारण पाच-दहा मिनिटं टिकते, तेवढाच वेळ काढायचा असतो. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायचो. टपरीवर दोन महिने गेलोच नाही, मित्रांना म्हटलं भो, चहा दुकानावर पाठवा, पैसे मी देतो. एकाने टोमणा मारला, बाकीच्यांनी पाठवला. जेवणानंतरची सिगारेट सोडणं मला सगळ्यात जड गेलं, तेव्हा बडीशेप आणि जवस भाजून डबीत ठेवले, ताटावरून उठलो की लगेच तोंडात. सुपारी मात्र नको, सुपारी स्वतःच तोंडाच्या कॅन्सरचं कारण आहे, "तंबाखू नाही रे, साधी सुपारी" यात अडकू नका.

तंबाखू मळणाऱ्यांनाही गम चालते, पद्धत तीच, फक्त दिवसाला किती पुड्या आणि किती वेळ तोंडात ठेवता हे डॉक्टरांना खरं सांगा. घरातल्या बायकांचंही विचारा. मिश्री लावणारी आजी, काकू प्रत्येक गावात आहे, आणि तिला कोणी व्यसन म्हणतच नाही. माझी काकू दिवसातून चार वेळा मिश्री लावते, पहिल्यांदा मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मले कोनी आजलोक इचारंच नही." तिला घेऊन मी आता सिव्हिलला जातो.

फुकटची मदत पण आहे. सिगारेटच्या आणि तंबाखूच्या पाकिटावर २०१८ पासून एक नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६, आपण रोज हातात घेऊन कधी वाचलेला नसतो. फोनला पैसे लागत नाहीत, समोरचा माणूस तुमची सवय विचारून तारीख ठरवून देतो आणि नंतर परत फोन करून चौकशी करतो. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तंबाखू मुक्ती केंद्राची चौकशी करा, केस पेपर काढून दाखवता येतं.

मध्येच एक ओढली गेली तर? माझी गेली, पाचव्या आठवड्यात, भुसावळ स्टेशनावर, गाडी तीन तास लेट होती आणि गमची स्ट्रिप घरी राहिली होती. अर्धी ओढून टाकली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, आजपासून परत घड्याळाने सुरू कर, मागचे पाच आठवडे कुठेही गेलेले नाहीत. तेव्हापासून एक स्ट्रिप पाकिटात, एक गाडीच्या डिक्कीत, एक काउंटरच्या ड्रॉवरमध्ये. ड्रॉवर कुलपाचा, भाचीमुळे.

आणि घरात आधीच कोणी दिलेला पॉड पडून असेल तर त्याचं असं करा. हातात मोजे घाला, लिक्विड मोरीत ओतू नका, जुन्या कपड्यात किंवा मातीत जिरवून घट्ट बांधून टाका, कातडीला लागलं तर लगेच साबणाने धुवा, कारण ते कातडीतूनही आत जातं. बॅटरीवाला भाग घंटागाडीत टाकू नका, कचऱ्यात दाबली गेली की लिथियम पेटते. चार्जिंगच्या पिनवर टेप चिकटवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. जळगावात असाल तर माझ्याकडे आणून दिला तरी चालेल, फुगलेल्या मोबाईल बॅटऱ्यांसाठी वाळूचा डबा ठेवलाय, माझा पॉडही त्यातूनच गेला.